वाळवंटातील घळी पाहायच्या, तर आधी पाणलोट पाहावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या नैऋत्य भागातील वाळवंटी घळींवर आलेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. छायाचित्रे उत्तम होती आणि आडवाटेने हिंडण्याची लेखकाची हौस मनापासून आवडली. तरीही त्यातील दोन गोष्टींबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. 'वाळवंटात पावसाळा नसतो, तेव्हा बाराही महिने केव्हाही जावे' असे एक वाक्य त्या लेखात आहे, आणि शेवटच्या चौकटीत एका चित्रांकित कपारीचे अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे पाच आकड्यांपर्यंत छापलेले आहेत. त्या वाक्यामुळे एखाद्या वाचकाचा जीव धोक्यात येऊ शकतो आणि त्या चौकटीमुळे ती कपार. पाटबंधारे खात्यात माझी ३३ वर्षे पाऊस आणि पूर मोजण्यात गेली. मुलगी ॲरिझोनात राहत असल्याने निवृत्तीनंतर तीन वेळा त्या मुलखात पायी हिंडण्याचा योग आला. या दोन्ही अनुभवांच्या आधारे हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या वाचकपत्रापेक्षा लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

हा मुलूख म्हणजे कोलोरॅडो पठार. यूटा, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांत ते पसरलेले आहे. त्याच्या दक्षिण यूटा आणि उत्तर ॲरिझोनातील भागात ज्या खडकात बहुतेक प्रसिद्ध घळी कोरल्या गेल्या आहेत, त्याला नॅव्हाहो वालुकाश्म म्हणतात. सुमारे १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी तेथे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या प्रचंड टेकड्या होत्या. त्या एकमेकींवर साचत गेल्या, गाडल्या गेल्या आणि त्यांचा खडक झाला. आपल्या लेखातील छायाचित्रांत भिंतींवर दिसणाऱ्या तिरप्या, लहरींसारख्या रेघा पाण्याने ओढलेल्या नाहीत. त्या वेळचा वारा टेकडीच्या ज्या उतारावरून वाळू लोटत होता, त्या उताराच्या त्या रेघा आहेत. थोडक्यात, एका वाळवंटाचा खडक झाला आणि पुढे दुसऱ्या वाळवंटात तो पाण्याने चिरला गेला. सह्याद्रीतील सांदण दरी पाहिलेल्या वाचकांना अरुंद घळीचे रूप परिचित आहे, पण तेथील कातळ लाव्हाचा, काळा आणि चिवट. वालुकाश्माचे तसे नाही. त्याचे कण एकमेकांना इतके सैल चिकटलेले असतात की काही ठिकाणी भिंतीवरून नुसता तळवा फिरवला तरी हाताला वाळू लागते.

आता मुख्य मुद्दा. या घळी पाण्याने कापल्या आहेत आणि आजही कापल्या जात आहेत. खडकात मुळात उभ्या भेगा असतात. वर्षातून चार-दोन वेळा येणारा पुराचा लोंढा त्या भेगांत शिरतो आणि सोबत आणलेल्या वाळूने, गोट्यांनी सुताराच्या पॉलिश पेपरसारखे दोन्ही बाजू घासत खाली उतरतो. पाणी सतत वाहणारे असते तर थंडीवारा, दरडी आणि झाडेझुडपे यांनी काठ झिजून रुंद दरी झाली असती. पाऊस क्वचित पडतो आणि पडतो तेव्हा कोसळतो, म्हणूनच घळ खोल जाते आणि अरुंद राहते. तेथील लोक जुलै ते सप्टेंबर या काळाला 'मान्सून'च म्हणतात आणि दुपारनंतरचे वळीव हे त्याचे रूप. तेव्हा 'वाळवंटात पावसाळा नसतो' हे विधान साफ चुकीचे आहे. आणि आपल्या वाचकांना 'मान्सून' या शब्दाचा अर्थ सांगण्याची गरज नसावी.

परंतु नुसता 'पावसात जाऊ नये' एवढा सल्लाही पुरेसा नाही, कारण घळीत उभ्या असलेल्या माणसाला पाऊस दिसतच नाही. डोक्यावर आकाशाची वीतभर पट्टी असते आणि ती बहुधा निळीशार असते. पाऊस पडतो तो कित्येक मैल वर, पाणलोटात. तेथे माती नसल्यासारखीच. उघडा खडक कोसळणारे पाणी इतक्या लवकर पीत नाही. एक साधा हिशेब मांडतो. घळीच्या वर केवळ १० चौरस किलोमीटर पाणलोट आहे आणि त्यावर एका तासात २५ मिलिमीटर पाऊस झाला असे धरू. हे अडीच लाख घनमीटर पाणी झाले. त्यातील निम्मे जिरले, अडले असे उदारपणे मानले आणि उरलेले सवा लाख घनमीटर तासाभरात वाहून आले, तर विसर्ग होतो सेकंदाला सुमारे ३५ घनमीटर, म्हणजे १,२०० क्युसेकच्या वर. धरणाच्या सांडव्यावर हा आकडा किरकोळ वाटतो. आम्ही नाशिककर पावसाळ्यात रोज असे आकडे वर्तमानपत्रात वाचतो. पण हेच पाणी २ मीटर रुंदीच्या घळीतून सेकंदाला ४ मीटर वेगाने निघाले, तर त्याची खोली चार मीटरांहून जास्त होते. प्रत्यक्षातील पाणलोट याच्या अनेक पट मोठे असतात, आणि त्या पाण्यात निम्मा चिखल, ओंडके व धोंडे असतात, हे या हिशेबात धरलेलेच नाही.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक असेच बुडाले. घळीच्या तोंडाशी पाऊस जवळजवळ नव्हताच. ढग फुटला होता तो दूर वर. त्या तुकडीतील एकटा वाटाड्या वाचला. ही जागा पेज गावाजवळ, नॅव्हाहो या मूळनिवासी लोकांच्या स्वतःच्या भूमीवर आहे. आज तेथे पक्के पोलादी जिने बसवले आहेत आणि वाटाड्याशिवाय कोणालाही आत सोडत नाहीत. शेजारच्या अप्पर अँटिलोपला नॅव्हाहो भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थच 'खडकांमधून पाणी वाहते ती जागा' असा आहे. आपल्या लेखकाने तेथील प्रकाशझोत कोणत्या वेळी पडतो हे मिनिटांसह दिले आहे, पण हा अर्थ दिलेला नाही. नाव ठेवणाऱ्यांनी पाटीच लावून ठेवली होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायन राष्ट्रीय उद्यानातील कीहोल कॅन्यनमध्ये सात जणांचा अंत झाला, तोही अचानक आलेल्या पुरानेच. आपल्याकडे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते दृश्य अनेकांनी मोबाइलवर पाहिले आहे. पायाखालचे पाणी काही क्षणांत कसे वाढते हे तेथे निदान उघड्यावर दिसले. घळीत वळणाआडचे काहीच दिसत नाही आणि दोन्ही बाजूंना भिंती असतात.

मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो. ऑक्टोबरच्या अखेरीस मुलगी, जावई आणि मी असे तिघे वायर पासच्या वाटेने बकस्किन गल्चमध्ये उतरलो. ही घळ २० किलोमीटरहून अधिक लांब आहे आणि जगातील सर्वांत लांब अरुंद घळींमध्ये तिची गणना होते. आठवडाभर आधीपासून आम्ही रोज हवामान पाहत होतो. आदल्या रात्री तर मी पाणलोटाचा नकाशा जमिनीवर पसरून बसलो होतो आणि जावई हसू आवरत होते. आत शिरल्यावर तासाभराने एके ठिकाणी वर पाहिले, तर दोन भिंतींच्या मध्ये एक अखंड ओंडका आडवा अडकलेला होता. आमच्या डोक्यावर किमान पाच पुरुष उंची असेल. त्याच्या फांद्यांच्या बेचक्यांत गवताच्या वाळलेल्या जुड्या आणि चिखलाचे गोळे होते, आणि एका बाजूला कोणत्या तरी कुंपणाची गंजलेली तार लोंबत होती. मुलगी म्हणाली, "बाबा, हा इतक्या वर कुणी नेऊन अडकवला असेल?" मी तिला म्हटले, "हा इथला दुतोंड्या मारुती." नाशिकच्या वाचकांना हे सांगायला नको, गोदावरीचा पूर आम्ही रामकुंडाजवळच्या त्या मूर्तीच्या गुडघ्याने, कमरेने आणि छातीने मोजतो. जावयांचे हसू त्यानंतर थांबले आणि परतेपर्यंत तेही भिंतींवर चिखलाची रेघ किती उंचावर आहे हे पाहू लागले.

या घळींचे जे म्हणून लपलेले वैभव आहे, ते असे पाण्याची खूण शोधत चालणाऱ्यालाच दिसते, हे मला येथे आवर्जून नोंदवायचे आहे. आपल्या लेखात फक्त भिंतींचे रंग आले. खाली पाहिले असते तर रांजणखळगे दिसले असते. निघोजला कुकडीच्या पात्रात जे आहेत त्यांचेच हे वालुकाश्मातील भाऊबंद. भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगरत खडक पोखरतात. काही खळगे इतके खोल आणि गुळगुळीत असतात की आत पडलेला माणूस दोराशिवाय किंवा सोबत्याच्या खांद्याशिवाय वर येऊ शकत नाही. पठारावरच्या उथळ खळग्यांत मात्र निराळेच जग असते. अशा एका परातीएवढ्या डबक्यापाशी मी गुडघे टेकून बसलो. पाणी चार बोटे खोल होते आणि त्यात नखाएवढे पारदर्शक झिंगे पाठीवर पोहत होते. यांची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षे, उन्हात आणि बर्फात तशीच पडून राहतात आणि पाणी साचले की काही दिवसांत पिढी उरकून घेतात. आपल्या सड्यांवरील डबक्यांतही यांचे नातलग सापडतात, पण आपण तिकडे फुले पाहायला जातो. त्या डबक्यात हातसुद्धा बुडवू नये, कारण हाताला लावलेले सनस्क्रीन एवढ्याशा पाण्याला विषासमान ठरू शकते. ही गोष्ट मला तेथील एका वनरक्षक बाईंनी सांगितली, आणि मी ओंजळ भरण्याच्या बेतात असतानाच सांगितली.

तसेच कपारींतील हिरवळीचे. पठारावर पडलेले पावसाचे थोडे पाणी सच्छिद्र नॅव्हाहो वालुकाश्मातून झिरपत खाली जाते आणि केयेंटा नावाच्या दाट थराला टेकले की आडवे वळून कड्याच्या पोटातून बाहेर येते. तेथे उभ्या भिंतीवर नेचे आणि रानफुले लोंबतात. चोहीकडे भगवा खडक आणि मध्येच ही ओली, हिरवी माळ. झायनमधील वीपिंग रॉक येथे ठिबकणारे पाणी खडकात सुमारे १,२०० वर्षे प्रवास करून आलेले आहे असे उद्यानाचे लोक सांगतात. वेरूळच्या कैलास लेण्यावर छिन्नी चालत होती, साधारण त्या सुमाराचा हा पाऊस. आयुष्यभर मी पाण्याचे वय तासांत आणि दिवसांत मोजले. पाऊस पडला, की किती वेळात धरणात येईल, एवढाच प्रश्न असे. त्या कपारीखाली उभे राहून टाळूवर एक थेंब घेतला, तेव्हा त्या हिशेबाची मला थोडी गंमत वाटली.

माझ्या व्यवसायाशी संबंधित एक बाजूही सांगितली पाहिजे, जरी ती सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे मार्च १९६३ मध्ये बंद झाले आणि लेक पॉवेल हा जलाशय पूर्ण भरायला १९८० साल उजाडले. ज्या जॉन वेस्ली पॉवेल यांचे नाव त्याला दिले, ते १८६९ मध्ये एका हातानिशी, लाकडी होड्यांतून या निदऱ्यांतून गेले होते आणि ग्लेन कॅन्यन हे नाव त्यांच्याच मोहिमेने दिलेले आहे. त्यांच्या दुसऱ्या मोहिमेतील ए. एच. थॉम्पसन यांनी १८७२ मध्ये एस्कलांटे नदीची नोंद केली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील नकाशात सर्वांत शेवटी आलेली ही नदी. तिच्या कुशीतल्या अनेक घळी जलाशयात गेल्या, आणि त्यांतच 'कॅथीड्रल इन द डेझर्ट' नावाची घुमटासारखी दालनघळही गेली. पुढे दुष्काळामुळे जलाशय उतरला, तेव्हा २००५ मध्ये आणि पुन्हा अलीकडच्या वर्षांत ती उघडी पडली, भिंतींवर पांढऱ्या क्षारांचा पट्टा आणि तळाशी गाळ घेऊन. उजनीचे पाणी आटले की पळसदेवचे मंदिर वर येते आणि लोक जत्रेसारखे पाहायला जातात, त्याची मला आठवण झाली. धरणे नकोत असे मी म्हणणार नाही, ते माझ्या तोंडी शोभणारही नाही. एवढेच म्हणतो, की पाणलोटाचे सर्वेक्षण करताना बुडणाऱ्या जमिनीचे आम्ही जे हेक्टर मोजायचो, त्यात अशा दालनासाठी रकाना नसायचा.

राहिला तो अक्षांश-रेखांशांचा प्रश्न. लेखात ती कपार लेखकाने 'शोधून काढली' असे म्हटले आहे. या मुलखात 'शोध' हा शब्द जपून वापरावा. रेनबो ब्रिज ही खडकाची प्रचंड नैसर्गिक कमान १४ ऑगस्ट १९०९ रोजी बायरन कमिंग्ज आणि डब्ल्यू. बी. डग्लस यांच्या तुकडीने शोधली असे नोंदवले गेले. पण त्यांना तेथवर घेऊन गेले ते नासजा बेगे आणि जिम माइक हे पाययूट या मूळनिवासी जमातीचे वाटाडे, आणि त्या लोकांना व नॅव्हाहोंना ती पिढ्यानपिढ्या ठाऊक होती. पुढच्याच वर्षी ती राष्ट्रीय स्मारक झाली हे चांगलेच झाले. कपारींतील चित्रे आणि धान्याची कोठारे यांच्या वाट्याला मात्र वाटाड्याही नसतो आणि पहारेकरीही नसतो. आम्ही असे एक कोठार पाहिले; जागा मी लिहीत नाही. कपारीच्या आडोशाला दगड-मातीचे, चुलीहून थोडे मोठे बांधकाम, वर सपाट दगडाची झडप, आणि आत मक्याची बोटभर लांबीची वाळलेली कणसे. लिंपलेल्या मातीत बोटे ओढल्याच्या खुणा जशाच्या तशा होत्या. माझी आजी चुलीला पोतेरे करताना उजव्या हाताची चार बोटे अशीच खालून वर ओढीत असे. ज्या लोकांनी ते बांधले ते सुमारे ७०० वर्षांपूर्वी तो भाग सोडून दक्षिणेकडे गेले. त्यांचे वंशज, प्युब्लो लोक, आजही आहेत आणि या जागा ते ओसाड मानत नाहीत. अशा प्राचीन अवशेषांच्या रक्षणाचा कायदा १९०६ पासून आहे, पण एवढ्या पसरलेल्या मुलखात कायदा कुठे कुठे उभा राहणार? कणीस खिशात घालणारा आणि चित्रावर नाव कोरणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. त्याला पत्ता आयता मिळालेला असतो, इतकेच. पायपीट करून, वाट चुकून, दोन कोरड्या ओहळांतून परत फिरून जो तेथे पोहोचतो, तो सहसा हात लावत नाही.

येथे एक उलट बाजूही आहे. २६ एप्रिल २००३ रोजी ॲरन राल्स्टन हा तरुण ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकटा उतरला. सुटलेल्या धोंड्याखाली त्याचा उजवा हात अडकला आणि पाच दिवसांहून अधिक काळ तसाच राहिल्यावर अखेर स्वतःचा हात कापून तो सुटला. आपण कोठे जात आहोत हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते, त्यामुळे त्याला शोधणार कोठे हाच प्रश्न होता. तेव्हा जागा गुप्त ठेवावी ती छापील चौकटीपासून. घरच्यांना मात्र वाटेचा कागद आणि परतीची वेळ लिहून द्यावी.

आपल्याला विनंती इतकीच, की त्या लेखाच्या इंटरनेट आवृत्तीतून कपारीचे आकडे काढून टाकावेत, आणि 'बाराही महिने' या वाक्याची दुरुस्ती ठळकपणे छापावी. दुरुस्तीत हे जरूर यावे, की जुलै ते सप्टेंबरमध्ये अरुंद घळींत उतरणे टाळावे. इतर महिन्यांतही निघण्याच्या दिवशी सकाळी अमेरिकी राष्ट्रीय हवामान सेवेचा अचानक पुराबाबतचा अंदाज पाहावा आणि तो फक्त घळीचा नव्हे, तर वरच्या साऱ्या पाणलोटाचा पाहावा. आणि वनरक्षक किंवा नॅव्हाहो वाटाडे 'आज नाही' म्हणाले, तर विमानाच्या तिकिटाचे पैसे आठवू नयेत. ही दुरुस्ती लवकर यावी असा माझा आग्रह आहे, कारण आमच्याच इमारतीतील एका कुटुंबाने आपला लेख वाचून दोन लहान मुलांसह १० ऑगस्टची तिकिटे काढली आहेत. मी त्यांना सांगून पाहिले. 'पेपरात तर तसे लिहिले नव्हते', असे उत्तर मिळाले.

आपला नम्र,
एक निवृत्त पाटबंधारे अभियंता,
नाशिक